जीएओला शिक्षेचा अधिकार नाही, मग त्यांच्या शिफारशी मनावर का घ्यायच्या?

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही वॉशिंग्टनजवळ एका फेडरल खात्याच्या अनुदान विभागात काम करता. अनुदान घेणाऱ्या संस्थांवर तुमचं खातं पुरेशी देखरेख ठेवत नाही, असा जीएओच्या, म्हणजे अमेरिकी सरकारचं काम तपासणाऱ्या ऑडिट कार्यालयाच्या, अहवालाचा मसुदा आलाय. त्यात ६ शिफारशी आहेत आणि उत्तर लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. साहेब म्हणाले, "सगळीकडे 'सहमत' लिही आणि मोकळी हो." तुम्ही विचारताय की ज्यांना ना दंड करता येतो, ना कुणाला निलंबित करता येतं, त्यांचं एवढं मनावर का घ्यायचं? आणि हे सगळं आपल्या कॅगसारखंच, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांसारखंच, आहे का?

मी सुरुवातीची सहा वर्षं नागपूरच्या महालेखाकार कार्यालयात ऑडिटर होते. पुढे इकडे आले आणि शेवटची एकोणीस वर्षं एका फेडरल खात्यात ऑडिट लायझन म्हणून काढली. जीएओची किंवा इन्स्पेक्टर जनरलची (आयजी, खात्याच्या आतला तपासनीस) माणसं खात्यात आली की त्यांना कागदपत्रं मिळवून द्यायची, आमच्या लोकांशी गाठ घालून द्यायची, उत्तरं वेळेत जातील हे बघायचं आणि शिफारस बंद होईपर्यंत तिचा पाठपुरावा करायचा, हे माझं काम. म्हणजे ऑडिटच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसले आहे. त्या अनुभवावरून सांगते, 'सहमत' लिहून कुणीही मोकळं होत नाही. तो शब्द लिहिलात की तुम्ही अडकलात, आणि तसं अडकणं चांगलं असतं. का, ते सांगते.

जीएओ म्हणजे गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस. ते राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली नाही. ते अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं कार्यालय आहे. १९२१ च्या कायद्याने ते सुरू झालं तेव्हा नाव होतं जनरल अकाउंटिंग ऑफिस. २००४ मध्ये अद्याक्षरं तीच ठेवून नाव बदललं. प्रमुखाला कंट्रोलर जनरल म्हणतात. मुदत १५ वर्षं आणि ती एकदाच. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, पण काँग्रेसच्या दोन्ही पक्षांच्या आयोगाने सुचवलेल्या नावांमधून, आणि सिनेटच्या मंजुरीने. काढायचं झालं तर महाभियोग किंवा दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव लागतो. राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या सहीने त्यांना घरी पाठवू शकत नाहीत. जीन डोडारो डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०२५ अशी पूर्ण मुदत या पदावर राहिले. त्याआधी जवळपास तीन वर्षं ते हंगामी होतेच. या काळात राष्ट्राध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, कंट्रोलर जनरल तेच.

सुरुवातीला हे कार्यालय अगदी आपल्या जुन्या कोषागारासारखं चालायचं. प्रत्येक खर्चाचं व्हाउचर यांच्याकडे यायचं आणि कारकून ते तपासायचे. वॉशिंग्टनमधली पेन्शन बिल्डिंग ही लाल विटांची भव्य इमारत आज वास्तुकलेचं संग्रहालय आहे. तेव्हा हे कार्यालय तिथे होतं, आणि तिच्या दिवाणखान्यासारख्या प्रचंड दालनात टेबलांच्या आणि फाइलींच्या कपाटांच्या रांगा लागलेल्या असायच्या. दुसरं महायुद्ध आलं आणि व्हाउचरांचा पूर लोटला. कर्मचारी १४,००० च्या वर गेले, तरी १९४५ पर्यंत साडेतीन कोटी व्हाउचर तपासायचे राहून गेले होते. तेव्हा त्यांना उमगलं की एकेक पावती तपासून सरकार सुधारत नाही. पावत्या खात्यांनीच तपासाव्यात, आणि खात्याची तपासायची पद्धत बरोबर आहे का, हे आपण तपासावं. आज तिथे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं आहेत, आणि त्यांत हिशेबनिसांइतकेच अर्थतज्ज्ञ, अभियंते, वकील, आरोग्य धोरणातले जाणकार आहेत. बहुतेक कामं काँग्रेसच्या समित्यांच्या मागणीवरून किंवा कायद्यातल्या आदेशावरून येतात.

हा इतिहास सांगितला कारण तुमचे साहेब अजून व्हाउचरच्या जमान्यात आहेत. त्यांना वाटतं, आक्षेप आला, उत्तर दिलं, पॅरा ड्रॉप झाला, म्हणजे आक्षेप वगळला गेला. तसं इथे होत नाही.

जीएओच्या संकेतस्थळावर प्रत्येक अहवालाच्या पानावर खाली त्यातल्या शिफारशी दिसतात. समोर खात्याचं नाव, शिफारस शब्दशः, आणि तिची स्थिती: उघडी, अंशतः पूर्ण, बंद आणि अंमलात आलेली, किंवा बंद पण अंमलात न आलेली. शेवटच्या प्रकारात आपलं नाव असू नये, असं प्रत्येक खातेप्रमुखाला वाटतं. हे पान जगात कुणीही बघू शकतं. सिनेट समितीचा कर्मचारी सुनावणीच्या आदल्या रात्री तेच उघडतो, पत्रकार तेच उघडतो. अहवाल आल्यावर १८० दिवसांच्या आत खात्याला काँग्रेसच्या समित्यांना लेखी कळवावं लागतं की प्रत्येक शिफारशीवर काय केलं. २०१९ च्या एका कायद्यामुळे वर्षभराहून अधिक काळ उघड्या राहिलेल्या शिफारशींचा हिशेब अंदाजपत्रकाच्या मागणीसोबत द्यावा लागतो. म्हणजे पैसे मागायच्या कागदाबरोबरच न केलेल्या कामांची यादी जाते. देशभरच्या खात्यांवर एका वेळी सुमारे ५,००० शिफारशी उघड्या असतात, आणि त्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या कोणत्या, याचं पत्र दरवर्षी थेट खात्याच्या प्रमुखाला येतं. चार वर्षांच्या अवधीत साधारण चारपैकी तीन शिफारशी अंमलात येतात. शिक्षेचा अधिकार नसलेल्या कार्यालयासाठी हे प्रमाण मला कमी वाटत नाही. २०२३ च्या आर्थिक वर्षात त्यांच्या कामातून सरकारचा सुमारे ७० अब्ज डॉलरचा फायदा झाला, म्हणजे त्यांच्यावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ८४ डॉलर.

आता तुमच्या हातात जो मसुदा आहे तो कसा तयार होतो, ते बघा. हे नीट कळलं तर उत्तर लिहिणं सोपं जाईल.

सरकारी ऑडिटचे नियम जीएओच करतं. पहिलं पुस्तक १९७२ मध्ये आलं, मुखपृष्ठामुळे सगळे त्याला 'यलो बुक' म्हणतात. त्यानुसार कुठलाही निष्कर्ष चार पायांवर उभा असतो. काय असायला हवं होतं, प्रत्यक्षात काय आढळलं, असं का झालं, आणि त्याने बिघडलं काय. निकष, वस्तुस्थिती, कारण, परिणाम. मसुदा छापण्याआधी त्यातल्या प्रत्येक वाक्याला, प्रत्येक आकड्याला खूण करून त्यामागचा पुरावा जोडतात. मग त्या कामाशी संबंध नसलेला एक अनुभवी ऑडिटर बसून ओळ न् ओळ पुराव्याशी ताडून बघतो. 'बहुतेक अधिकाऱ्यांनी सांगितलं' असं लिहिलं असेल, तर किती जणांशी बोललात आणि त्यातले किती जण असं म्हणाले, हे तो विचारतो. नाही जमलं तर शब्द बदलतो. म्हणून मसुद्यातलं तथ्य चुकलंय असं म्हणण्याआधी दहादा विचार करा. चूक असतेही कधी कधी, पण ती दाखवायची तर कागद हातात हवा.

चार पायांपैकी तिसरा, कारणाचा, तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा. एक गोष्ट सांगते.

आमच्या खात्यात नियम होता की एका महत्त्वाच्या यादीचा दर महिन्याला आढावा घ्यायचा आणि आढावा घेणाऱ्याने तारखेसकट सही करायची. जीएओची एक तरुण विश्लेषक आली, असेल सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. तिने आढाव्याची फाइल मागितली. मी आणून दिली. बारा महिन्यांच्या बारा सह्या, सगळ्या व्यवस्थित. ती बराच वेळ पानं उलटत राहिली, मग फाइल माझ्याकडे फिरवून तिने फक्त नोव्हेंबरच्या सहीखाली पेन्सिल टेकवली. तारीख थँक्सगिव्हिंगची होती. त्या दिवशी इमारतीला कुलूप असतं. मग मी पुन्हा सगळी पानं बघितली. बाराही सह्या एकाच निळ्या पेनच्या, एकाच दाबाच्या, एका बैठकीत केलेल्या. ती आवाज न चढवता म्हणाली, "त्या दिवशीची दरवाजाची नोंद मिळेल का?"

आमच्या व्यवस्थापकाला भांडायचं होतं. सुट्टीच्या दिवशीही माणूस काम करू शकतो, वगैरे. मी म्हटलं, नको. ज्याच्या सह्या होत्या त्या गृहस्थांना मी ओळखत होते. त्यांच्या शेजारची दोन पदं रिकामी होती आणि तिघांचं काम ते एकटे रेटत होते. आढाव्याला वेळच नव्हता. त्यांनी केलं ते चूकच, आणि तसं त्यांना सांगितलंही गेलं. पण मी त्या विश्लेषकेला रिकाम्या पदांची कागदपत्रं दिली, आम्ही भरतीसाठी पाठवलेली आणि वर अडकून पडलेली टिपणं दिली. अहवालात कारण म्हणून तेच आलं: मनुष्यबळाचं नियोजन नाही. शिफारस झाली की कामाचा भार मोजून पदं भरा. आम्ही कित्येक महिने जे मागत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं, ते जीएओच्या छापील पानावर आल्यावर पुढच्या अंदाजपत्रकात मिळालं. म्हणून तुमच्या साहेबांना सांगा, मसुद्यातलं 'कारण' वाचा. तिथे तुमच्या विभागाची जुनी मागणी बसते का बघा. बसत असेल आणि राहून गेली असेल, तर कागदपत्रं जोडून उत्तरात लिहा. ते उत्तर अहवालाच्या मागे जसंच्या तसं छापतात.

देखरेखीतली त्रुटी प्रत्यक्षात कशी असते, याचं मला आजही सुन्न करणारं उदाहरण २००७ चं आहे. जीएओच्या शोधपथकाने पश्चिम व्हर्जिनियात कागदावरची एक बनावट कंपनी उभी केली आणि किरणोत्सारी पदार्थ वापरायचा परवाना अणुनियामक आयोगाकडे मागितला. २८ दिवसांत परवाना टपालाने घरी आला. कुणी येऊन बघितलं नाही की कंपनी आहे तरी का. परवान्यावर किती माल घेता येईल याची मर्यादा लिहिली होती. पथकाने संगणकावर ती ओळ काढून टाकली, आणि त्या बदललेल्या परवान्याच्या जोरावर दोन पुरवठादारांकडून हवी तेवढी उपकरणं घेता येतील इथपर्यंत मजल मारली. ती उपकरणं भलत्याच माणसांच्या हाती पडली असती तर त्यातून शहरात किरणोत्सार पसरवणारा बाँब झाला असता. त्याच वेळी पथकाने मेरीलँड राज्याकडेही असाच अर्ज केला होता. कारण काही राज्यांना हे परवाने स्वतः द्यायचा अधिकार आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी कळवलं की आम्ही आधी तुमच्या जागेवर येऊन पाहणी करू, मग ठरवू. पथकाने अर्ज मागे घेतला. एवढाच फरक होता. एका कार्यालयाने कागद बघितला, दुसऱ्याने जागा बघायला माणूस पाठवतो म्हटलं. नंतर आयोगाने परवान्याआधी जागेला भेट द्यायचा नियम केला. आणि जीएओ तिथे थांबलं नाही. काही वर्षांनी त्यांनी पुन्हा बनावट कंपन्या करून तीन ठिकाणी अर्ज केले. २०१६ च्या अहवालात लिहिलंय की दोन ठिकाणी त्यांना अडवलं, तिसऱ्या ठिकाणी परवाना मिळाला. भेटीला आलेल्या माणसाने अर्जदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला. नियम कागदावर आला म्हणून शिफारस संपली असं ते मानत नाहीत, पुन्हा जाऊन दार ठोठावतात.

सगळीकडे असं यश येत नाही, हेही सांगायला हवं. १९९० पासून जीएओ दर दोन वर्षांनी, नवी काँग्रेस सुरू होताना, धोक्याच्या कामांची यादी काढतं. पहिल्या यादीत १४ विषय होते, २०२५ च्या यादीत ३८. त्यातून बाहेर पडायला पाच गोष्टी लागतात: वरिष्ठांची बांधिलकी, माणसं आणि साधनं, कृती आराखडा, देखरेख आणि दिसणारी प्रगती. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा), करवसुली, नासाची खरेदी आणि संरक्षण खात्याची शस्त्रखरेदी हे विषय पहिल्या यादीपासून तिथेच आहेत. पस्तीस वर्षं. संरक्षण खात्याचं संपूर्ण आर्थिक ऑडिट २०१८ मध्ये पहिल्यांदा झालं, आणि तेव्हापासून दरवर्षी ऑडिटर एकच सांगतात की या हिशेबावर मत देता येईल एवढा पुरावाच मिळत नाही. एफ-३५ लढाऊ विमानाच्या सुट्या भागांचं उदाहरण घ्या. हे भाग सरकारच्या पैशाचे, पण ठेवलेले कंत्राटदारांच्या जगभरच्या गोदामांत. ते सरकारी मालमत्ता म्हणून नोंदवायचे की नाही, यावर खात्यातच एकमत नव्हतं. नोंद नाही म्हणून मोजणी नाही. २०२३ च्या अहवालात जीएओने लिहिलं की २०१८ पासून कंत्राटदारांनी १० लाखांहून जास्त भाग हरवल्याचं कळवलं, किंमत किमान साडेआठ कोटी डॉलर, आणि त्यातल्या २ टक्क्यांहून कमी नुकसानीची खात्याने शहानिशा केली. मी स्वतः गोदामाच्या नोंदी हाताळल्या आहेत. वस्तू कुणाची, हेच ठरलेलं नसेल तर हरवली तेव्हा विचारणारा कुणी नसतो.

मग जीएओच्या अधिकाराला सीमा कुठे आहे? १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाउशर विरुद्ध सायनार या खटल्यात स्पष्ट केलं की कंट्रोलर जनरल हे काँग्रेसचे आहेत, त्यामुळे खर्च कापा असे आदेश त्यांनी कार्यकारी शाखेला देणं घटनेत बसत नाही. २००२ मध्ये तेव्हाचे कंट्रोलर जनरल डेव्हिड वॉकर यांनी उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांच्या ऊर्जा धोरण गटाच्या माहितीसाठी कोर्टात धाव घेतली. वॉकर यांना दावा लावायचा हक्कच पोचत नाही म्हणून तो फेटाळला गेला आणि त्यांनी अपील केलं नाही. ऑडिटरच्या हातातून कागद मागायचा हक्क सुटला की उरतं काय? २०१७ च्या कायद्याने तो हक्क बराचसा पुन्हा बळकट केला. १९७४ च्या कायद्याखाली तर त्यांच्यावर एक वेगळीच जबाबदारी आहे. काँग्रेसने मंजूर केलेला पैसा सरकारने बेकायदा अडवून ठेवला तर ते जाहीर करायचं. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी युक्रेनसाठीचे २१ कोटींहून जास्त डॉलर रोखणं कायद्याविरुद्ध होतं असा निर्णय दिला. २०२५ मध्ये विजेच्या गाड्यांच्या चार्जिंग केंद्रांचा निधी, लहान मुलांच्या हेड स्टार्ट कार्यक्रमाचा निधी, आरोग्य संशोधनाची अनुदानं यांबद्दल असेच निर्णय दिले. ते जाहीर करतात, पुढे काँग्रेसने आणि न्यायालयांनी बघायचं. त्याच वर्षी प्रतिनिधिगृहात जीएओचा निधी सुमारे ८१ कोटी डॉलरवरून जवळपास निम्म्यावर आणायचा प्रस्ताव आला होता. अंतिम कायद्यात ती कपात झाली नाही. पण ऑडिटरची किंमत कुणाला किती वाटते हे अशा वेळी कळतं, आणि ते प्रस्ताव वाचताना मला खरंच भीती वाटली होती.

इन्स्पेक्टर जनरल हा वेगळा प्राणी, त्यांची गल्लत करू नका. १९७८ च्या कायद्याने ते आले. जीएओ बाहेरून बघतं, आयजी खात्याच्या आत बसतो. आता सत्तरहून अधिक आहेत. तो खात्याच्या प्रमुखालाही अहवाल देतो आणि काँग्रेसलाही, आणि त्याच्याकडे गुन्ह्याचा तपास करणारे अधिकारी असतात. त्याची नोकरी मात्र कंट्रोलर जनरलइतकी पक्की नाही. १९८१ मध्ये रेगन यांनी सत्तेवर येताच सगळ्यांना काढलं, आणि ओरड झाल्यावर काहींना परत घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एका रात्रीत सुमारे १७ जणांना काढलं. काँग्रेसला ३० दिवस आधी कळवायचं आणि सविस्तर कारण द्यायचं, हे कायद्यात असूनही. सप्टेंबरमध्ये न्यायाधीश अ‍ॅना रेयेस यांनी हे कायद्याचं उल्लंघन होतं असं म्हटलं, पण काढलेल्यांना पुन्हा पदावर बसवलं नाही. तुमच्यासाठी याचा व्यवहारी अर्थ असा: शिफारस पूर्ण झाल्याचा खोटा पुरावा तयार करायला कुणी सांगितलं, तर ती गोष्ट साहेबांशी वाद घालायची नाही. ती आयजीच्या हॉटलाइनवर कळवायची. १९८९ च्या कायद्याने तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

कॅगशी तुलना थोडक्यात करते. आपल्या घटनेच्या कलम १४८ ते १५१ मध्ये कॅग आहे, म्हणजे पद थेट घटनेतून आलेलं. जीएओ साध्या कायद्यातून आलंय. कॅगची मुदत ६ वर्षं किंवा वयाची ६५, जे आधी होईल ते. कॅग केंद्राबरोबर राज्यांचंही ऑडिट करतो आणि बहुतेक राज्यांचे हिशेबही त्याचीच माणसं जुळवतात. जीएओ राज्यांच्या हिशेबांत पडत नाही, फेडरल पैसा राज्यात गेला तर त्याच्या मागे जातं. नागपूरला असताना आमची टूर पार्टी तालुक्याच्या गावी जायची, हाफ मार्जिनवर, म्हणजे पानाच्या अर्ध्या भागात, शंका लिहून द्यायची आणि उजव्या बाजूला उत्तराची वाट बघायची. कॅगचा अहवाल विधिमंडळात ठेवला जातो, पुढे लोकलेखा समिती. मला जाणवलेला मोठा फरक पाठपुराव्यात आहे. इथे एकेका शिफारशीची आजची स्थिती जनतेला एका क्लिकवर दिसते. तिकडे मी लिहिलेल्या पॅरांचं पुढे काय झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता तुमच्या ६ शिफारशींकडे. उत्तराला साधारण ३० दिवस असतात, त्यातले पहिले दहा लिहिण्यात घालवू नका. प्रत्येक शिफारशीपुढे एका माणसाचं नाव लिहा. विभागाचं चालणार नाही, माणूसच हवा. मग जीएओच्या प्रमुख विश्लेषकाला सरळ विचारा की ही शिफारस बंद करायला तुम्हाला कोणता पुरावा लागेल. ते सांगतात. हा प्रश्न सुरुवातीलाच विचारणारं खातं वर्षभरात सुटतं, आणि न विचारणारं चार वर्षांनी कळवतं की आम्ही धोरण बदललं, तेव्हा उत्तर येतं की धोरण दिसलं, आता त्याप्रमाणे काम झाल्याचं दाखवा. 'आम्ही मार्गदर्शक सूचना सुधारू' एवढंच लिहून थांबू नका. सूचना कधी सुधारतील, कोणाला शिकवतील, आणि तसं काम होतंय याचे नमुने कधी देता येतील, ते लिहा. तारीख अशी द्या जी तुम्हाला खरंच पाळता येईल.

पटत नसेल तर 'असहमत' लिहायला घाबरू नका. कारणं आणि आकडे द्या. मी तीनदा लिहिलं, दोनदा त्यांनी शिफारशीचे शब्द बदलले. एकदा बदलले नाहीत आणि आमचं म्हणणं व त्यांचं उत्तर शेजारी शेजारी छापलं. त्यात कुणाचा अपमान नसतो. पण पटत नसताना वेळ मारून न्यायला 'सहमत' लिहिलं, तर पुढची पाच वर्षं तुमच्यानंतर त्या खुर्चीत बसणारा माणूस ते ओझं वाहतो.

तुम्ही लिहिलंय की तिसरी शिफारस अनुदानित संस्थांना प्रत्यक्ष भेटी देण्याबद्दल आहे, आणि साहेबांच्या मते फोनवर आढावा घेतला तरी पुरे. तिचं उत्तर लिहिण्याआधी परवानगी काढून एका संस्थेत स्वतः जाऊन या. त्यांनी वर्षभर पाठवलेल्या अहवालांच्या प्रती सोबत न्या. अहवालात लिहिलेली खोली, लिहिलेली उपकरणं, लिहिलेले कर्मचारी तिथे आहेत का बघा, आणि फोनवर हे तुम्हाला कळलं असतं का, ते परतताना गाडीतच लिहून काढा. चांगलं निघालं तरी लिहा, वाईट निघालं तरी लिहा. त्या दीड पानावर तारीख आणि सही करून ते मसुद्यासोबत साहेबांच्या टेबलावर ठेवा.